दाराबाहेर बसलेला चौथा

पहिलंच सांगून टाकतो – भुतं, हडळी, शापित राजवाडे हे सगळं मी दर रविवारी स्वतः तयार करतो. घरी बसून, चहा पीत. हलवायाला कुठं मिठाईचं अप्रूप असतं? त्यामुळे कोणी असले अनुभव सांगायला लागलं की मी सरळ विषय बदलायचो. आता मीच सांगायला बसलोय... ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा.

मी बजाजनगरात राहतो, एकटाच. वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट पास करायचा की परत पाठवायचा, दिवसभर हेच. आई गेली, लग्नाचं काही जुळलं नाही आणि आता नातेवाईकांनी विचारणंही सोडलंय. शनिवारी कंपनीच्या गेटबाहेर पडलो की सोमवारपर्यंत माझ्याशी बोलणारं कोणी नसतं. अपवाद एकच – रविवार दुपारचा गेम.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: आम्ही ऑनलाइन कॉलवर जमतो. कॅमेरा बंद, फक्त आवाज. मी गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि कोण वाचलं, कोण मेलं ते फासे ठरवतात. माझ्याकडे तिघं होते. पैठणची मुक्ता, ती चोर. गुलमंडीत कापडाचं दुकान असलेला इरफान, तो योद्धा. आणि बँकेतून रिटायर झालेले देशमुख काका मांत्रिक – काकूंना अजून पत्ता नाही! आमच्यातली चौथी खेळाडू लग्न होऊन गेली आणि तिची जागा रिकामी झाली. तिघांत गेम लंगडतो. एकाला जरी काम निघालं तरी रविवार रद्द... आणि रद्द झालेला रविवार मला खायला उठतो. म्हणून गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर जाहिरात टाकली – एक खेळाडू पाहिजे.

माणूस निवडायची माझी एक पद्धत आहे. प्रत्येकाला कॉलवर घेऊन एकच प्रसंग देतो. संध्याकाळ झालीय, तुम्ही धर्मशाळेपाशी पोचलात, दार आतून बंद. काय करता? आमचे तिघं जुने, ही पद्धत सुरू व्हायच्या आधीचे. त्यांना हा प्रसंग ठाऊक नाही, आणि पेपर फुटू नये म्हणून मी तो कुणाला सांगतही नाही. यावेळी एकानं दार फोडलं. दुसऱ्यानं अख्खी धर्मशाळाच पेटवली. तिसरा मला बोलूच देईना. सगळ्यांना गोड शब्दांत नकार.

शेवटचा सुधीर. आवाज मऊ, बोलणं सावकाश. प्रसंग ऐकून म्हणाला, "आत कुणी एकटं हाय का?"

"ते तुम्हाला माहीत नाही."

"मग मी बाहीर पायरीवर बसतो. त्यांना वाटंल तवा उघडतील."

"अहो, पण तुम्ही करता काय?"

"बसतो की."

माणूस चांगला वाटला. पण असा खेळाडू घेतला की गोष्ट जागची हलत नाही, हे मी बघितलंय. तुमची शैली आमच्या गटाशी जुळत नाही, शुभेच्छा, असं लिहून पाठवलं. 'बरं सर, काय हरकत नाय,' एवढंच उत्तर आलं. मग कुणालाच न घेता तिघांवरच चालवायचं ठरवलं.

पुढच्या रविवारी मी त्यांना एका किल्ल्याच्या तळघरापाशी नेलं. तिथंही दार बंद. मुक्तानं कुलूप चाचपलं, इरफाननं तलवार उपसली, काकांनी मंत्र म्हटला. मग कॉलवर एकदम शांतता. मला वाटलं नेट गेलं... आणि तिघंही खदाखदा हसले.

"काय झालं रे?"

"दादा, ह्यो भारीच हाय," मुक्ता म्हणाली. "म्हणं पायरीवर बसतो, त्यांना वाटंल तवा उघडतील!"

"कोण म्हणालं?"

"कोण म्हंजे? सुधीर. तूच घेतलास ना नवीन?"

स्क्रीनवर आमची चारच नावं होती. मस्करी म्हणावी, तर ते वाक्य यांना कळणार कुठून? मी सरळ सांगितलं – इथं सुधीर नावाचं कोणी नाही, त्याला मी घेतलेलंच नाही.

"भाई, ऐसा नक्को बोलो," इरफान हळूच म्हणाला. "वो सुन रा है."

काका तर चिडलेच. "प्रशांत, माणूस समोर असताना असं बोलतात? त्याला काढणार असशील तर मलाही मोकळं कर."

घाबरलो. भुताला नव्हे – हे तिघं गेले तर माझ्याकडे उरणार काय? विषय सोडला आणि गोष्ट पुढे रेटली.

मुक्तानं गेम रेकॉर्ड केला होता. सुट्टी टाकून एसटीनं पैठणला गेलो. तिची आई मागावर बसली होती, पैठणी विणत. त्या माउलीचा गेमशी काडीचा संबंध नाही. मुक्तानं मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज, मुक्ताचा, इरफानचा, काकांचा... मग काहीच नाही. नुसती शांतता. त्या शांततेत आईंचा हात मागावर थांबला आणि त्या हसल्या.

"किती गोड बोलतंय लेकरू. कुणाचं हाय?"

"मावशी, काय म्हणतोय तो?"

"बहिरा हाय का रं तू? दारामागं कोण एकटं बसलंय, इचारतोय की."

आमच्या कंपनीत मशीनच्या आवाजामुळे दरवर्षी कान तपासतात. माझे ठणठणीत आहेत.

तेव्हापासून मी नमतं घेतलंय. तिघांची पाळी झाली की विचारतो, "सुधीर, तू?" आणि थांबतो. ते हसले की मीही हसतो. त्यांच्या बोलण्यावरून अंदाज बांधतो आणि गोष्ट पुढे नेतो. गेम इतका कधीच रंगला नव्हता. आता कुणीही दांडी मारत नाही. माझ्याच गेममध्ये मी मात्र कधीकधी पाहुण्यासारखा बसलेला असतो.

गेल्या रविवारी मी असाच थांबलो. कुणी हसलं नाही.

"दादा, उत्तर दे की त्याला," मुक्ता म्हणाली.

"काय विचारतोय?"

"आज तरी उघडतोस का, म्हणून."

खेळात त्या दिवशी दार नव्हतं. भर जंगलातला प्रसंग होता. हेडफोन काढून मी मागे बघितलं. माझ्या घराची कडी शनिवारपासून लावलेली होती. उठलो, कडी काढली. पायरीवर कोणी नव्हतं, समोर नुसतं ऊन. तरी दार सताड उघडं ठेवून परत येऊन बसलो.

"बसला तो," मुक्ता म्हणाली. "सांग आता पुढं."

हा काय प्रकार आहे, मला आजही सांगता येणार नाही. त्या नकारानंतर सुधीरला पाठवलेले माझे मेसेज अजून कुणी वाचलेले नाहीत. त्या पहिल्या कॉलनंतर त्याचा आवाजही मला एकदाही ऐकू आलेला नाही. रविवारी दुपारी दार तेवढं उघडं ठेवतो.