आपाचे दोन खांब आणि सासूबाईंचा तांब्या

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये बारा बिऱ्हाडं. कुणाकडं काय शिजतंय ते मी जिन्यात नुसत्या वासावरून सांगते. तिसऱ्या मजल्यावरच्या सगीरा आपाच्या घरात मात्र काय चालतं, ते कळायला मला चांगली दोन वर्षं लागली. दुपारच्याला आतून शिट्ट्या यायच्या, आणि त्या कुकरच्या नव्हत्या. मग खरखर. मग आपाचा आवाज, इंग्रजीतून, एकच वाक्य वीस वेळा. मी तर जिन्यात पसरवून टाकलं होतं की आपाला कुणीतरी भेटलंय.

भेटला होताच म्हणा, पण ते पुढं.

आपा टेलिफोन एक्स्चेंजमधली ट्रंक ऑपरेटर. चौतीस वर्षं कन्नडच्या माणसाला कलकत्त्याशी आणि लासूर स्टेशनच्या अडत्याला मुंबईशी जोडून दिलं. "जोडलंय, बोला," एवढं म्हणायचं आणि आपण बाजूला व्हायचं. रिटायर झाली त्या दिवशी म्हणाली, "रत्ना, अब मैं बोलूंगी." सरकारी परीक्षा दिली, हौशी रेडिओचं लायसन काढलं आणि बेडरूममध्ये यंत्र मांडलं. एक माईक, वर गच्चीत एक खांब, बस्स. मधे ना टॉवर, ना इंटरनेट, ना रिचार्ज.

मी म्हटलं, "आपा, व्हॉट्सॲप असताना ही उठाठेव कशाला?"

"व्हॉट्सॲपवर ज्याचा नंबर आहे त्याच्याशीच बोलता येतं. इथं कोण उचलेल तेच माहीत नसतं. मजा तर तीच आहे ना!"

तर तो भेटलेला माणूस. सायप्रस नावाच्या बेटावरचा म्हातारा, आंद्रेयास. लिंबाची बाग, दोन कुत्रे, गुडघेदुखी. रोज आपल्या संध्याकाळी साडेपाचला तो हवेत हाक मारायचा, कुणी आहे का म्हणून. आपाला तो स्वच्छ ऐकू यायचा. आपा त्याला ओरडून ओरडून उत्तर द्यायची आणि तो म्हणायचा, "भारतातून कुणीतरी कुजबुजतंय, पण समजत नाही." सहा महिने कुजबुज! आमच्या गल्लीत तरी आपाच्या आवाजाला कुणी कुजबुज म्हणणार नाही. पण तिचं यंत्र वीस वॅटचं, माझ्या बाथरूमच्या बल्बाएवढं. त्यात एकुलता एक खांब, तो चारी दिशांना सारखंच बोलणार. सायप्रसच्या वाट्याला येणार किती?

म्हणून आपानं ठरवलं, दुसरा खांब. दोन्ही सोळा फुटी, ॲल्युमिनियमच्या पाइपाचे, एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर, पडेगावच्या दिशेला, म्हणजे पश्चिमेला तोंड करून. दोघांना एकच बोलणं पाठवायचं, पण एकाला लांबच्या केबलमधून फिरवून, म्हणजे तो किंचित उशिरा बोलेल. मग पश्चिमेला दोघांच्या लाटा एकमेकींवर चढतात आणि पूर्वेला एकमेकींना खाऊन टाकतात. सगळा जोर सायप्रसकडं.

"कळलं," मी म्हटलं. "मी आणि सासूबाई. मी आधी बोलते, त्या लगेच मागून तेच बोलतात, आणि आमचे हे सरळ घराबाहेर."

"हां! पण दोघी सारख्या तगड्या पाहिजेत. एक कमी पडली की खेळ खलास."

हे शेवटचं वाक्य मी लक्षात ठेवायला हवं होतं.

प्रत्येक खांबाला दोन तुकडे. आपानं स्वतः टेप लावून खुणा केल्या आणि औरंगपुऱ्यातल्या मोतीराम वेल्डरकडं पाइप दिले. आणायला गेले मी. मोतीराम म्हणतो, "वहिनी, तीन तुकडे सारखे अन् चौथा वीतभर लांब. आपाची चूक झालेली दिसती."

"मग काप की. अन् ती वीत मला दे, गच्चीतल्या चुलीला फुंकणी होईल."

झालं. फुंकणी पिशवीत घालून मी घरी. आपाला सांगायचं राहून गेलं, तिची चूक काढून तिला कशाला ओशाळं करायचं!

आता ती चूक नव्हतीच. दुसऱ्या खांबाचा जोड जुन्या पद्धतीचा होता, त्यात वीतभर पाइप आत घुसणार होता. म्हणून तेवढा तुकडा लांब. पण हे मला तेव्हा कोण सांगणार?

खांब उभे राहिले. सिमेंट भरलेल्या दोन बादल्या, त्यांत प्लास्टिकची नळकांडी, त्यांत खांब. वरून नायलॉनच्या दोऱ्या. खाली गच्चीभर तांब्याच्या तारा अंथरलेल्या, सूर्याचं चित्र काढावं तशा. दुसरी बादली नेमकी कठड्यालगतच्या उंचवट्यावर, त्यामुळं दोन्हींची टोकं एका रेषेत. बघून कुणीही म्हणावं, जुळे भाऊ.

आणि आंद्रेयास म्हणाला, "भारतातून अजूनही कुजबुज."

मग आठ दिवस आपानं काय काय केलं! केबल पुन्हा मोजली. जोडांना डाग पुन्हा दिले. जोर पूर्वेला की पश्चिमेला, ते बदलायच्या डबीत मुंग्यांनी घर केलं होतं, त्यांना साखर घालून बाहेर काढलं. मला एक चिमुकला ट्रान्समीटर डब्याच्या पिशवीत घालून स्कूटीवर पिटाळलं, आधी पश्चिमेला पडेगावला, मग पूर्वेला चिकलठाण्याला, खांबांना कुठून जास्त ऐकू येतं ते बघायला. पिशवीतून पिप् पिप्. पडेगावच्या नाक्यावर एक शेतकरी मामा जवळ आले. "ताई, कांद्याचा भाव येतो का ह्याच्यावर?" म्हटलं, "येतो, पण सायप्रसचा." मामा म्हणाले, "तिथं तरी बरा हाय का?"

घरी आले तर आपा डोकं धरून बसलेली. "पडेगाव पण तेवढंच, चिकलठाणा पण तेवढंच. दोन खांब उभे करून एकाचंच काम. गडबड कुठंतरी आहे, मला दिसत नाही." सगळं तपासलं बाईनं, फक्त पाइप मोजले नाहीत. स्वतःच्या हातानं मोजलेलं परत कोण मोजतं?

त्यातच माझ्या सासूबाई, आमच्या कडूबाई आत्या, कुरडयांच्या चिकाचं पातेलं घेऊन गच्चीवर गेल्या आणि त्यांचा पाय तारेत अडकला. चीक सगळा गच्चीला. चेअरमन पुंडलिकराव, रिटायर तलाठी, पंचनामा करायला लगेच हजर. चिकात बोट घालून, चाखून बघून त्यांनी निकाल दिला. "सगीराबाई, पाडव्याच्या संध्याकाळपर्यंत मुदत. तुमच्या त्या परदेशी गृहस्थानं माझ्यासमोर तुम्हाला नावानिशी उत्तर दिलं तर खांब राहतील. नाहीतर सूर्य मावळायला दोन्ही खाली."

जिन्यातून उतरताना आपा म्हणाली, "चौतीस साल लोगों के नंबर लगाए, रत्ना. माझा एक लागत नाही."

पाडवा उजाडला. तिकडं रमजानचे शेवटचे दिवस, आपाचा रोजा. इकडं आमच्या घरात बोंबाबोंब, कारण गुढीची काठी मी वाळवणाच्या मांडवाला लावली होती आणि ती मधोमध चिरली होती. आत्यांनी माझा उद्धार करून झाल्यावर गच्चीकडं बघितलं.

"सगीरा, तुझा खांब संध्याकाळी पडायचाच हाय ना? मग दिवसभर माझी गुढी राहू दे त्याच्यावर. त्याला बी जरा पुण्य लागू दे."

आपाला हसू फुटलं. आठ दिवसांनी पहिल्यांदा. "लावा मावशी. पण मी बोलत असताना कुणी हात लावायचा नाही."

कठड्याजवळचा खांब आडवा केला. टोकाला जरीचा खण, कडुलिंब, साखरेची गाठी, आणि त्यावर आत्यांच्या माहेरचा तांब्याचा तांब्या, पालथा. खांब उभा. आपाच्या अँटेनाला नऊवारीचा थाट!

साडेपाचला यंत्र गच्चीवर आणलं. पुंडलिकराव खुर्ची टाकून, मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरून. सगळी बिल्डिंग जमलेली. मी कोपऱ्यात चूल पेटवून चहा ठेवला. आपाच्या रोज्यासमोर चहा प्यायची लाज वाटत होती, पण प्यायलो. आंद्रेयासनं हाक दिली. आपानं कोरड्या गळ्यानं उत्तर दिलं, व्ही-यू पासून सुरू होणारं लायसनवरचं आपलं सरकारी नाव आणि मग "सगीरा".

एक क्षण खरखर. आणि मग, "सगीरा! सगीरा, आज तर तू माझ्या स्वयंपाकघरात उभी आहेस!"

काय ओरडलो आम्ही! खालच्या मजल्यावरचं बाळ उठलं. आपा माईक धरून हसतेय, डोळ्यांतून धारा. तिनं त्याला सांगितलं, माझे चेअरमन शेजारी आहेत, नाव पुंडलिक. पलीकडून आलं, "पुन-दा-लिको! नमस्कार!" आमचे पुंडलिकराव खुर्चीतून उठून उभे राहिले आणि रेडिओला वाकून नमस्कार केला. मग दरडावून आम्हाला म्हणाले, "शांतता! मला बोलावतायत ते."

पाऊण तास चाललं. लिंबं, कुत्रे, गुडघे. आणि मग आत्या उठल्या.

"सूर्य मावळायच्या आत गुढी उतरवायची अस्ती."

"आत्या, थांबा की."

"सायप्रस थांबंल, सूर्य थांबतो व्हय?"

खांब आडवा, गुढी उतरवली, खांब परत उभा. आपानं हाक मारली. पलीकडून, "सगीरा? कुठं गेलीस? परत कुजबुज!"

यंत्रावरचा गडबड दाखवणारा काटा लाल रेघेत. पुंडलिकराव म्हणाले, "म्हणजे देवाची कृपा होती ती." आपानं मात्र डोळे बारीक केले. ट्रंक ऑपरेटरचे डोळे. "मावशी, तो तांब्या द्या. नुसता तांब्या."

तांब्या चढवला. "सगीरा! आलीस!"

तांब्या उतरवला. कुजबुज.

पुन्हा चढवला. पोरंसोरं टाळ्या पिटायला लागली. आत्या छाती काढून म्हणाल्या, "माहेरचा हाय माझ्या."

"मावशी, तुमच्या तांब्यानं खांब लांब झाला," आपा म्हणाली. "टोकाला धातूचं टोपडं घातलं की खांबाला वाटतं आपण उंच झालो. म्हणजे हा खांब आखूड आहे. कैसे लेकिन? मी स्वतः मोजला होता!" आंद्रेयासला थांबायला सांगून तिनं खांब आडवा करवला, टेप लावली. पहिला सोळा फूट. दुसरा सव्वापंधरा. "नऊ इंच कमी. एक वीत. वीतभर पाइप गेला कुठं?"

मी त्या वेळी चुलीपुढं उकिडवी बसून फुंकत होते. फूं... आणि मला जाणवलं की गच्चीवर माझ्या फुंकण्याशिवाय कसलाच आवाज नाहीये. मान वर केली. बारा बिऱ्हाडं माझ्या तोंडातल्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या फुंकणीकडं बघत होती.

आपा जवळ आली. फुंकणी हळूच काढून घेतली, राख पुसली, टेप लावली. "बराबर नऊ."

"आपा, मला वाटलं उरलेला..."

"आठ दिवस!" आपा म्हणाली. "आठ दिवस मी मुंग्यांना साखर घातली, रत्ना! तुला चिकलठाण्याला पाठवलं! आणि तू रोज माझ्या डोळ्यांदेखत खांब फुंकत होतीस!" आणि ती हसत सुटली. खाली बसली. पोट धरून. आत्या पदरात तोंड घालून. पुंडलिकरावांच्या हातातलं घड्याळ पडलं. यंत्रातून आंद्रेयास विचारतोय, काय झालं, काय झालं, आणि कुणाला सांगताच येईना.

तांब्या परत चढला, आंद्रेयासला सगळी कहाणी सांगितली, तो इतका हसला की त्याचे कुत्रे भुंकायला लागले. तेवढ्यात अजान झाली. आपानं गुढीची गाठी मोडून एक कडी तोंडात टाकली आणि रोजा सोडला. वर एक बतासा माझ्या तोंडात कोंबला. "खा, चोर."

खांब राहिले. मोतीरामनं माझी फुंकणी दुसऱ्या खांबाच्या डोक्यावर, आत जोडनळी घालून, बसवून दिली. एका बाजूनं अजून काळी आहे, धुरानं. तोवर चार दिवस तांब्या वरच होता आणि आत्या भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगत होत्या की त्यांच्या माहेरच्या तांब्यातनं परदेश बोलतो. ईदला आपानं शिरखुर्म्याच्या डब्यासोबत मला नवीकोरी लोखंडी फुंकणी दिली, चांगली हातभर लांब.

गच्चीच्या दारावर पुंडलिकरावांची नोटीस आहे, सहीशिक्क्यानिशी: वरील दोन्ही खांब सोसायटीच्या परवानगीने कायम उभे राहतील, त्यांना कोणीही हात लावू नये. खाली कुणीतरी पेनानं लिहिलंय, 'विशेषतः रत्नमालाबाईंनी.' अक्षर आत्यांचं आहे.