नानांचं लिखाण

पडद्यावरची निळी पट्टी हळूहळू भरत होती. माझ्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या जुन्या संगणकावर मी लिनक्स ही हलकी सिस्टिम टाकत होतो. पूर्वीची सिस्टिम फार रखडायची आणि नाना तिच्यापुढे ताटकळत बसायचे. डिस्क पूर्ण पुसायची का, असं विचारलं गेलं तेव्हा मी ‘हो’ केलं. फोटो आधीच पेनड्राइव्हवर घेतले होते. आणखी काही असेल, असं मनातही आलं नाही.

संध्याकाळी संगणक झटकन सुरू झाला. नाना चष्मा पुसत समोर बसले. "माझं लिखाण कुठंय रे?"

"कसलं लिखाण?"

"तुझ्या आईबद्दलचं. ती गेल्यापासून रोज थोडं थोडं लिहीत होतो."

काय झालं ते सांगून मी म्हणालो, "तुम्ही सांगा, मी पुन्हा टाइप करतो."

"आता आठवत नाही रे. विसरायला लागलो, म्हणून तर लिहून ठेवत होतो."

माणूस एकदाच जातं असं आपण समजतो. तसं नसतं.

मग नानांनी विचारलं, "मी लिहिलं होतं ना नक्की? की मला नुसतं वाटतंय?"

"लिहिलं होतं, नाना," मी म्हणालो. त्यातली एक ओळही मी कधी वाचली नव्हती.