जोड नाही

नारळ मातीवरून गडगडत आला आणि माझ्या पायाशी थांबला.

वस्तादांनी तो हातात दिला नव्हता. लांबूनच टाकला होता. तोंडाने म्हणाले, "याला जोड न्हाई." आणि पुढच्या गड्याकडे वळले. भोवती बसलेली माणसं हसली. फार नाही, थोडीशीच. मला तेवढं पुरे होतं.

चाकणजवळचं आमचं गाव. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी हगामा, म्हणजे कुस्त्यांचा फड. रीत अशी, की लढायचं असेल त्याने लंगोट लावून फडात उतरायचं आणि एक फेरी मारायची. बरोबरीचे दोघे दिसले की पंच त्यांचे हात एकमेकांत देतात. झाली जोड. जोड मिळाली नाही तर मानाचा नारळ घ्यायचा आणि घरी जायचं. पंच म्हणजे गावच्या तालमीचे वस्ताद.

नियमात जात कुठेच नव्हती. शिवाशीव गुन्हा आहे असा कायदा झाला होता ना. मग वस्ताद कसे म्हणतील, की हा मांगाचा आहे? ते म्हणायचे, जोड नाही. तीन वर्षं म्हणाले. माझ्याच अंगापिंडाचे पंधरा-वीस गडी समोर उभे, आणि मला जोड नाही. हुशार माणूस!

तालमीत मला मज्जाव. आत मारुती. मी नदीकाठी माती उकरली, तिथेच जोर-बैठका काढल्या. मांगवाड्यात आमची सात घरं, माझ्या वयाचं कुणी नाही. पोत्यात वाळू भरून त्याच्याशी झोंबायचो. पोतं उलटा डाव टाकत नाही. घामाने निसटत नाही. शिवीसुद्धा देत नाही. एकट्याने ताकद येते, कुस्ती येत नाही. कुस्तीला दुसऱ्या माणसाचं अंग लागतं, आणि माझ्या अंगाला अंग लावायला गावात कुणी तयार नव्हतं. वीस वर्षांचा झालो तरी कुणाची पकड कशी असते ते मला माहीत नव्हतं. फार एकटं वाटायचं. कुणाला सांगणार?

मग पिंपरीला एका कारखान्याचं बांधकाम निघालं. मी घमेली उचलायला गेलो. तिथल्याच पत्र्याच्या खोपटात राहायचो. शेजारी किसन. बीडकडचा मराठा, माझ्याच वयाचा, माझ्याच वजनाचा. माझी मान बघून म्हणाला, "पैलवान दिसतोस. धरतोस का एक?"

जेवणाच्या सुट्टीत वाळूच्या ढिगावर धरली. पहिल्याच झटक्यात त्याने मला पाडलं. पाठीवर पडलो आणि हसू फुटलं. मग रडू आलं. डोळ्यांत वाळू गेली, असं त्याला सांगितलं.

रोज धरायला लागलो. ढाक हा डाव मारायला त्यानेच शिकवलं. महिन्याभरात मी त्याला चीत करायला लागलो. हगामा जवळ आला तेव्हा मी त्याला जात सांगितली. लपवून जोड नको होती मला. त्याने अंगावरची वाळू झटकली. मग म्हणाला, "असू दे की. मला काय त्याचं?"

त्या वर्षी मी फडात एकटा उतरलो नाही. किसनचा हात धरून सरळ वस्तादांपुढे गेलो.

"वस्ताद, जोड घिऊन आलोय."

वस्तादांनी किसनला खांद्याला धरून बाजूला नेलं. कानाशी काहीतरी बोलले. किसनने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली मातीकडे. आणि सदरा अंगात घालायला लागला.

"पाव्हण्याचा पाय मुरगाळलाय," वस्ताद म्हणाले. "याला जोड न्हाई."

मी जागचा हललो नाही.

"त्याचा पाय धड हाय, वस्ताद. खरं कारन सांगा. मोठ्यानं सांगा. समद्यांना ऐकू येऊ द्या."

वस्तादांनी हात वर केला. "वाजवा रं!"

फडाची हलगी माझा बाप वाजवत होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घालून हलगीवर तुटून पडला. इतक्या जोरात, की माझं बोलणं मलाच ऐकू येईना. मी ओरडत राहिलो, तो बडवत राहिला. त्याला त्याच गावात दिवस काढायचे होते, हे मला कळतं. तरी त्याचा राग आला. आजही येतो.

मला फडाबाहेर काढा, असं चार-पाच जण म्हणाले. पण काढायचं तर हात लावावा लागणार. कुणी पुढे होईना. एकाने काठीने ढोसलं, मी काठी धरून ठेवली, त्याने ती सोडून दिली. शेवटी त्यांनी कुस्त्या माझ्या कडेने लावल्या. दिवस मावळेपर्यंत मी मधोमध उभा होतो, आणि भोवती एकामागून एक जोडी एकमेकांना भिडत होती.

सोमवारी सुट्टीत किसन वाळूच्या ढिगापाशी आला.

"लई वाईट वाटलं रं. चारचौघांत नाही जमलं मला. चल, हितं धरू. हितं कोण बघायलंय?"

अंग कुस्ती मागत होतं. खोटं कशाला सांगू, माझे हात पुढे गेले होते. ते मी मागे घेतले.

"कोन बघत न्हाई, म्हणूनच न्हाई," मी म्हणालो.

त्यानंतर मी आडोशाला कुणाशीही लढलो नाही. म्हणजे कुणाशीच लढलो नाही. ताकद उतरेल, वय निघून जाईल, कुस्ती कदाचित व्हायचीच नाही. नाही झाली तर नाही. पण दर हगाम्याला मी लंगोट लावून फडात उतरतो आणि मधोमध जाऊन उभा राहतो. मला हात द्यायचा तर गावादेखत द्या. नाहीतर का देत नाही, ते गावादेखत तोंडाने सांगा. दोन्हींतलं एक होईपर्यंत मी त्या मातीवरून हटणार नाही.