पैलवानाची नाडी

एकाहत्तरची लढाई संपून दोन वर्षं झाली होती. मी बटालियनचा नर्सिंग असिस्टंट, हुद्दा हवालदार. बॉक्सिंग टीमही माझ्याकडेच. टीममधला लान्स नाईक महादेव मंद्रूपचा, मी सोलापूरचा. प्रत्येक बाउटआधी त्याची नाडी मीच बघायचो. कसलेल्या गड्याची नाडी संथच असते. त्याची इतकी संथ, की पोरं म्हणायची, याचं काळीज कॅज्युअल लीव्हवर गेलंय.

दोघं एकदमच सुटीवर आलो. मंद्रूपच्या जत्रेत त्याने कुस्ती मारली, पण पडताना डोकं कडेच्या दगडावर आपटलं. उठला, हसला, फेटा बांधून घेतला. दुपारी दोनला मी त्याच्या घरी पोचलो, तेव्हा तो घोंगडीवर पडलेला. डोकं ठणकत होतं, उलटी झाली होती. मी नाडी धरली. त्याच्या नेहमीच्या मानानेही फारच मंद.

"तात्या, गाडी बघा. सोलापूरला न्यायचं," मी त्याच्या वडिलांना म्हणालो. तेही जुने पैलवान.

"पैलवानाची नाडी अशीच असतीया. दमलंय प्वार, झोपू द्या की."

"ही दमल्याची नाही. डोक्यात रक्त साचतंय."

"फेटा बांधल्याला गडी दवाखान्यात न्हेत्यात व्हय? लोकं काय म्हनतील?"

पालथ्या घड्यावर पाणी. मी महादेवच्या कानाशी ओरडलो, "गार्ड अप!"

त्याने डोळे उघडले. डावी मूठ हनुवटीपाशी आली. उजवी घोंगडीवरच राहिली.

तात्यांनी ती उचलून वर धरली. सोडताच पडली.

"गाडी आना!" तात्या ओरडले.

शेंगांचा ट्रक मिळाला. वाटभर तात्या त्याला हाका मारत होते. हॉस्पिटलच्या दारात त्याने ओ देणं थांबवलं. लढाईतून ओरखडाही न लागता आलेला माणूस जत्रेत गेला, याचा मला आजही राग येतो.

पुढच्या जत्रेत एका गड्याचं डोकं असंच आपटलं. तोही हसत उठला. हलगी वाजू लागली. तात्या काठी टेकत आखाड्यात उतरले.

"कुस्ती बंद. ह्येला आदी सोलापूरला न्या."

लोकांनी शिव्या घातल्या. तात्या हलले नाहीत. शेवटी त्याला नेलं. दोन दिवसांनी तो धडधाकट परतला, डॉक्टरांना काहीच सापडलं नव्हतं. पारावर सगळे तात्यांना हसले.

"हसा की," तात्या म्हणाले. "म्हादेवच्या येळंला बी तुमी मला आसंच हसाया पायजे हुतं."