नाकाच्या शेंड्यावरचा गोरेपणा

"पुण्याला? आत्ता? उद्या साखरपुडा हाय माझा, पूनमताई."

"म्हणून तर म्हणते. चपला घाल, भाग्या. गाडी मी बोलावते."

"सूज उतरंल, असं तुम्हीच म्हणालात की मघाशी."

"सुजेचं न्हाई बोलत मी."

"मग कशाचं बोलताय?"

बाकावर बसलेल्या साखरबाईंनी लेकीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. "उगं कशाला भेव घालती तिला? नाक कसं सरळ आलंय. आन् शेंडा तर किती गोरा पडलाय. समदं तोंडच आसं करून दे की."

त्या गोऱ्या शेंड्याकडंच पूनमला बघवत नव्हतं.

पूनम मांडवगण फराट्याची. लग्न होऊन तळेगाव ढमढेऱ्यात आली आणि घराच्या पुढच्या खोलीत तिनं पार्लर थाटलं. आठवडी बाजारात भाजी विकून झाली की बायका रिकाम्या पाट्या दाराशी ठेवून भुवया कोरून घ्यायला बसायच्या. रांजणगावच्या कंपनीतल्या पोरी शिफ्ट सुटली की थेट तिच्याकडं. दोरा धरलेला तिचा हात कधी कापला नव्हता. पूनमच्या हाती तोंड दिलं की खुशाल डोळे मिटावेत, असं बायका म्हणायच्या.

भाग्यश्रीनंही डोळे तसेच मिटले होते. नाक उंच करायची सुई आज दुपारी पूनमनं पहिल्यांदाच टोचली. हे डॉक्टरचं काम, हे तिला ठाऊक होतं. पुण्याच्या एका शिबिरात ही सुई टोचताना ती नुसती मागं उभी राहून बघून आली होती. तिथल्या डॉक्टरीणबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या, औषध रक्तवाहिनीत शिरलं की कातडी आधी पांढरी पडते. मग काळी. कधी कधी डोळाही जातो.

पूनमनं भाग्यश्रीच्या नाकाचा शेंडा बोटानं दाबून सोडला. रंग परतला नाही. बोटाला गार लागलं.

"दुखतंय?"

"बधिर झालंय." भाग्यश्रीनं डावा डोळा चोळला. मघापासून ती तोच चोळत होती.

"डोळ्याला काय झालं?"

"बर्फाचं पाणी गेलं असंल."

पूनमनं बर्फ लावलाच नव्हता.

ती साखरबाईंपुढं खाली बसली. "मावशी, मला हे येत नव्हतं. मी चुकले. मोठ्या दवाखान्यात औषध विरघळवायचं इंजेक्शन असतं. उशीर झाला तर कातडी सडंल."

साखरबाईंचा हात लेकीच्या हनुवटीवरून गळला. "आन् उद्या पाहुणे आले म्हंजी?"

पूनम उठली. भाग्यश्रीचा उजवा डोळा तिनं तळव्यानं झाकला आणि दुसरा हात तिच्या तोंडासमोर धरला.

"भाग्या, खरं सांग. माझी बोटं दिसतायत का?"

भाग्यश्रीनं तळवा बाजूला सारला, ओढणी नाकावरून घेतली आणि दाराकडं वळली. डावा खांदा चौकटीवर आपटला. ती थांबली नाही. पायरी उतरून घराच्या वाटेला लागली.