सुनीच्या पायावरची गोधडी

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. नवऱ्याले नाही, माह्या पोटच्या वंदीले नाही. देवाले तर नाहीच — त्याले सांगून काय होते? तुम्हाले सांगून राहिली, कारण तुम्ही मले ओळखत नाही. अन् ओळखत असान, तर मंग सौंसरच्या त्या सत्कारात टाळ्या वाजवणाऱ्यायपैकीच असान. वाजवल्या ना? आता आयका.

सुनी माह्या पोटची नाही. माह्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोची. ती मेली अन् मंग मले आणलं. पोट्टी मायवर गेली — लंब्या हाताची, लंब्या पायाची. शेजारीण म्हणे, "बाई, तुह्या अंगणात तर ताड वाढून राहिला!" बगीच्यात संत्री तोडाले गेली का हातातलं संत्रं वर उडवे, खाली आलं का बोटांनी पुन्हा उडवे, पडू नाही दे. मास्तरनं तेच पाह्यलं अन् तिले व्हॉलीबॉलमध्ये घातलं. मंग काय — पांढुर्ण्यात खेळली, छिंदवाड्यात खेळली, राज्याकडून खेळली. देशाच्या शिबिरात बोलावलं. ऑलिम्पिकात जाईन म्हणे. मले म्हणे, "माय, तू तर जाळीखालून वाकल्याबिगर निंघशीन!" सारे हासले. मीही हासली. ते हासणं मले अजून आयकू येते.

माही वंदी तिच्याहून लहान. वंदीले शाळेतून काढून कापूस वेचाले लावलं, अन् हिले बूट. हिले दूध, हिले अंडे. मी नवऱ्याले म्हटलं, वंदी बी तुमचीच आहे ना? ते म्हणे, "वंदी काय देशासाठी खेळून राहिली का?" — हे मी कारण म्हणून सांगत नाही. वंदीसारख्या पोरी घरोघरी होत्या. त्यायच्या मायांनी असं नाही केलं.

काय नाही केलं?

थांबा. सांगते.

शिबिराले जायच्या आधी सुनी मैदानात पडली, नडगी मोडली. पांढुर्ण्याच्या डॉक्टरनं पलस्तर घातलं. आमच्याकडे पलस्तरवर कोणाचा भरवसा नाही — आतल्या आत हाड वाकडं बसते म्हणतात. घरी आलं का पलस्तर कापाचं अन् हाडवैद्याकडे न्याचं. आम्हीही नेलं. तो दोष माह्या एकटीचा नाही, साऱ्यायनं मिळून ठरवलं. सुनीनंही हाव म्हटलं — लवकर खेळाले भेटन म्हणून. बोरगावच्या पलीकडे एक म्हातारा वैद्य राहे. त्यानं लेप लावला, बांबूच्या कामट्या लावल्या, वरून पट्टी करकचून बांधली. निंघताना मले बाजूले घेतलं. "बाई, बोटं पाहत जाजो. गार पडली नाहीतर काळी दिसली, तर मले विचाराले येऊ नको. पट्टी कापून टाक."

मले सांगितलं. एकटीले. मी हाव म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनी रडाले लागली. "माय, ढिलं कर ना वं. पाय माहा नाहीच असा वाटून राहिला." सारे बगीच्यात गेले होते, घरात मीच. मी पाह्यलं. बोटं जांभळी होती. हात लावला — माठासारखी गार. कैची कुठं होती? खुंटीवर. माह्या डोळ्यासमोर.

मी गोधडी आणली अन् त्या पायावर टाकली.

म्हटलं, "वैद्यानं सोडाले मनाई केली आहे. देशासाठी खेळाचं ना तुले? मंग सोस."

संध्याकाळी तिचा बाप आला. गोधडी उचलाले हात घातला. मी म्हटलं, आता डोळा लागला पोरीचा, राहू द्या. तिसऱ्या दिवशीही गोधडी तिथंच. मंग वास आला, तवा नागपूरले नेलं. गुडघ्याखालून पाय काढला.

पाय जावा असं मले वाटलं होतं का? नाही. खेळ जावा असं वाटलं होतं. पण ती बोटं पाह्यल्यावर — समजलं होतं मले. न समजाले काय झालं? आमच्या बैलाच्या पायात दोरी रुतली होती, तवा मीच धावत जाऊन कापली होती. बैलासाठी कापली.

लोकं वैद्याच्या दारात गेले, मीही संगं होती. त्याले मारलं, त्याच्या कामट्या त्याच्याच चुलीत घातल्या. तो माह्याकडे पाहून म्हणे, "बाई, सांग ना, मी तुले काय म्हटलं होतं!" मी पदर पुढं ओढला अन् म्हटलं — यानं काहीच सांगितलं नाही. तो गाव सोडून गेला. कुठं गेला, जगला का मेला, मी कधी कोणाले विचारलं नाही.

अन् सुनी? ती थांबली नाही. बसून खेळाचंही व्हॉलीबॉल असते म्हणे — जाळी खाली, भुईवर घासत घासत चेंडूमागं जाचं. त्यात ती देशाकडून खेळून राहिली. हात-पाय गेलेल्यायचं ऑलिम्पिक असते, तिथं जाचं म्हणते. म्हणून तर सौंसरले सत्कार. एकानं माइक माह्या तोंडापुढं धरला, "आजी, सावत्र असून पोरीले एवढं कसं घडवलं?" मी पदर पुढं ओढला. सुनीनं माइक ओढून घेतला. म्हणे, "माह्या पायाले थंडी लागू नये म्हणून मायनं गोधडी हलू देली नाही. ती ऊब मी विसरली नाही."

टाळ्या. लोकं उभे राहिले.

मले काय वाटलं सांगू? दया नाही आली. राग आला, तिचाच. एवढी हुशार पोट्टी, अन् एवढं कळू नये? का कळलं होतं — अन् चारचौघात मलेच पाहून राहिली होती? तिच्या डोळ्यात मी पाह्यलं नाही.

शिबिराले जाताना तिनं तीच गोधडी मागितली. मी धुतली, उन्हात घातली, घडी करून तिच्या बॅगेत ठेवली. काल फोन आला. शिबिराच्या गावी लय थंडी आहे म्हणे. "माय, तुही गोधडी पांघरून बसली आहो मी."

मी म्हटलं, "पांघर."