पाठ टेकायला शिकलेला पैलवान

आबा कधी उताणे झोपत नसत. डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी टेबलावर पाठ टेकायला सांगितली, तेव्हा आबांनी आधी खोलीचं दार लावून घ्यायला लावलं होतं, असं त्यांची सून हसत सांगायची. आबा लोणंदकडचे जुने पैलवान. ज्याची पाठ मातीला लागली तो हरला, हा एकच कायदा त्यांनी जन्मभर पाळला होता. असा माणूस साठी उलटल्यावर आमच्या ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या क्लासला आला. या खेळात पहिल्या दिवशी शिकवतात ते पाठीवर पडून लढायला!

साताऱ्यात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर पत्र्याच्या छपराचा एक हॉल आहे. वाईच्या ओंकार सरांनी पुण्यात नोकरी करता करता हा खेळ शिकून घेतला आणि परत येऊन इथं संध्याकाळचा क्लास काढला. आम्ही सगळे हौशी. कुणी कॉलेजातलं, कुणी बँकेतलं, एक एसटीचा मेकॅनिक. मी औषधांचं दुकान नवऱ्यावर सोपवून यायची. पत्नी वारल्यावर आबा नुकतेच मुलाकडे राहायला आले होते आणि फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमत नव्हता. फिरायला निघाले असताना त्यांना रस्त्यावर आवाज ऐकू आला. माणूस आपटल्याचा आवाज त्यांनी बरोबर ओळखला आणि जिना चढून ते वर आले.

दारात उभं राहून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग सरांना म्हणाले, "मास्तर, खालचा गडी कवाच चितपट झालाय. कुस्ती सोडवत का न्हाई?"

"आबा, आमची कुस्ती तिथूनच सुरू होते."

"मग उलटीच हाय की तुमची," असं म्हणत त्यांनी चपला काढल्या.

उभ्याउभ्या त्यांच्यापुढे आमचं कुणाचंच काही चालायचं नाही. हात धरला न धरला तोच ते ढाक टाकत आणि समोरचा मॅटवर. पण खाली गेल्यावर सगळं बिघडायचं. पाठ टेकायची नाही म्हणून ते पोटावर वळत, आणि आमच्या खेळात शत्रूला पाठ देण्यासारखी दुसरी चूक नाही. मागून कुणीतरी अंगावर चढायचं, खेळताना घालतात त्या जाड कोटाची कॉलर धरून गळा आवळायचं. अशा वेळी मॅटवर हात आपटला की समोरचा सोडतो. आबा हात आपटायचेच नाहीत. तोंड लालबुंद व्हायचं, शेवटी सरच धावत येऊन सोडवायचे.

"आबा, टॅप करा हो. थाप मारा."

"उभ्या जन्मात थाप मारली न्हाई म्या," आबा धापा टाकत म्हणायचे.

सर हसले नाहीत. शेजारी बसून म्हणाले, "इथं थाप मारणारा खरं बोलतो, आबा. अडकलो, असं सांगतो. मग उठून पुन्हा खेळतो." आबा कोट झटकत उठून गेले. पण त्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांच्या हाताचा हलकासा आवाज मॅटवर झाला आणि आम्ही सगळे खेळ थांबवून तिकडे बघत राहिलो. "काय बघताय? खेळा की रं!" आबा ओरडले.

माझ्याशी मात्र ते खेळत नसत. जोड्या लावताना माझी पाळी आली की ते पाणी प्यायला जात. तालमीत बाईचा पाय पडत नाही, हे त्यांच्या हाडात होतं. मला राग यायचा. एकदा गणपतीच्या दिवसांत क्लासला आम्ही दोघंच उरलो. आबा पाण्याच्या बाटलीकडे निघाले, तशी मी आडवी गेले. "आबा, दिवसभर दुकानात उभी असते मी. ही एवढीच वेळ माझी असते. तुम्ही खेळला नाहीत तर ती फुकट जाते."

ते मॅटवर परत आले. मग म्हणाले, "पोरी, लागलं तर सांग."

त्यांनी मला अलगद, अंड्यासारखं खाली ठेवलं. मी पाय त्यांच्या कमरेभोवती बांधले, दोन्ही हात त्यांच्या कॉलरमध्ये खोल घातले आणि कोपरं माझ्याकडे ओढली. आबांनी थाप मारली. उठून बसले, गळा चोळला, माझ्याकडे नीट पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच.

"ह्यो डाव दाव मला," ते म्हणाले.

त्यानंतर आबा रोज माझ्यासमोर उताणे पडू लागले. सुरुवातीला डोळे मिटून घ्यायचे. गुडघा दुखायचा, पाय लवकर बांधले जायचे नाहीत. पण मनगटं अशी होती की एकदा कॉलर हातात आली की सुटका नव्हती. "तुझ्यात वस्ताद हाय एक," ते मला म्हणायचे, आणि दुकानात गोळ्या मोजतानाही ते मला आठवायचं.

बातमी गावाकडे पोचायला वेळ लागला नाही. पैलवान म्हातारपणी पोरींच्या हातनं हरतोय, अशी तिला शेपटं फुटली. मुलगा ओशाळला, म्हणाला, "आबा, बंद करा आता." आबांनी बंद केलं नाही. उलट ज्यांच्याबरोबर माती अंगाला लावली त्या तालमीतल्या मित्रांना त्यांनी फोन केला. "सांगलीच्या क्लासची पोरं येणार हैत खेळायला. तुमी बी या. काय बघायचं ते डोळ्यानं बघा."

त्या संध्याकाळी भिंतीला टेकून फेटे आणि टोप्या बसल्या होत्या. मधे तात्या, आबांचे जुने जोडीदार. आबांसमोर आला सांगलीचा रियाज, बेदाण्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा, स्वतः तालमीत घडलेला आणि आबांच्या निम्म्या वयाचा. त्यानं वाकून आबांच्या पायाला हात लावला आणि पुढच्या क्षणी पट काढून त्यांना उचललं. आबा धप्पकन पाठीवर पडले. छताचा पत्रा हादरल्यासारखा वाटला.

तात्या उठले. टोपी नीट करत म्हणाले, "झालं. चला रं, चितपट झाला गडी."

"बस खाली, तात्या!" रियाजच्या खालून आबांचा आवाज आला. "आत्ता कुठं लागलीया कुस्ती."

दुखऱ्या गुडघ्यासकट त्यांनी पाय बांधले. रियाज वरून दाबत होता, सुटायला बघत होता. आबांना घाई नव्हती. एक हात कॉलरमध्ये गेला. रियाजनं तो काढायला मान वळवली आणि दुसरा गेला. आबांची कोपरं हळूहळू आत आली, जशी मी दाखवली होती तशी. रियाजचा चेहरा लाल झाला आणि त्यानं मॅटवर हात आपटला.

हॉलमध्ये जो आरडाओरडा झाला, त्यात सांगलीची पोरंसुद्धा होती. रियाजनंच आबांना खांद्यावर घेतलं. तात्या गोंधळून विचारत होते, "आरं पण पाठ टेकली हुती की!"

"टेकली की," आबा वरून म्हणाले. "मग?"

मग बोट माझ्याकडे करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही माझी वस्ताद."

आबा त्यानंतर वर्षभर क्लासला येत होते. एक दिवस म्हणाले की थोरल्या मुलीकडे, अक्काकडे, जतला चाललोय. जावई फौजेत, मुलगी एकटीच मेंढरं आणि ज्वारी सांभाळते. पाण्याचा टँकर येईल तेव्हा खरा, अशा वस्तीवर या वयात कशाला, असं मी विचारलं.

"ल्हान हुती तवा तालमीच्या दारात येऊन हुबी ऱ्हायाची," आबा म्हणाले. "लय नाद तिला. म्या हाकलून द्यायचो. तिला कायतरी द्यायचं ऱ्हायलंय, पोरी."

दिवाळीनंतर त्यांनी एक व्हिडिओ पाठवला. खळ्यावर जुन्या गाद्या शिवून वर ताडपत्री ताणली होती. कडेला वस्तीवरच्या बायका आणि मुली कन्नडमिश्रित मराठीत ओरडत होत्या. मधे पदर खोचलेली चाळिशीची बाई आबांच्या छातीवर बसली होती, तिच्या दोन्ही मुठींत त्यांची कॉलर होती आणि ती हसत हसत रडत होती. आबांचा गळा आवळलेला, आवाज घोगरा, पण शब्द स्वच्छ ऐकू येत होते.

"सोडू नगंस, अक्का. आजून आवळ."